बरोबरीची जोडणी

मे १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष फिलिप हँडलर मॉस्कोला गेले होते. सोव्हिएत शास्त्रज्ञांशी बोलताना त्यांनी आदल्या वर्षी आलेल्या ‘मरून्ड’ या हॉलिवूडपटाची गोष्ट काढली. तीन अमेरिकी अंतराळवीर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अडकले आहेत, इंजिन चालत नाही, प्राणवायू संपत आला आहे आणि अशा वेळी मदतीला धावून येणाऱ्यांत एक सोव्हिएत अंतराळवीर आहे. अमेरिकी सिनेमात आपला माणूस वाचवणाऱ्याच्या भूमिकेत आहे, याचं समोरच्या मंडळींना अप्रूप वाटलं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी चंद्राच्या वाटेवर अपोलो-१३ ची प्राणवायूची टाकी फुटली होती आणि तिघं अंतराळवीर मरणाच्या दारातून परत आले होते. त्यामुळे सिनेमाची गोष्ट तेव्हा नुसती गोष्ट राहिली नव्हती.

पण खरोखर तशी वेळ आली असती, तर सोव्हिएत यानाला अडकलेल्या अमेरिकी यानाजवळ जाऊन काय करता आलं असतं? जवळपास काहीच नाही. दोन्ही यानं एकमेकांना जोडताच आली नसती. चंद्रावर कोण आधी पोहोचणार या शर्यतीबद्दल आपण खूप वाचलेलं असतं. मला मात्र त्या शर्यतीपेक्षा, ती संपल्यावर या दोन वैऱ्यांनी मिळून बनवलेली धातूची एक कडी जास्त मोलाची वाटते. गेल्या ५० वर्षांत अंतराळात देशांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे करारांच्या भाषेपेक्षा त्या कडीच्या रचनेतून जास्त उलगडतं.

दोन यानं कक्षेत जोडणं, म्हणजे डॉकिंग, तेव्हा दोन्ही देशांना येत होतं. १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी-८ हे यान एजिना या मानवरहित लक्ष्ययानाला जोडलं. ती जगातली पहिली जोडणी. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९६७ रोजी, सोव्हिएत संघाने कॉसमॉस-१८६ आणि कॉसमॉस-१८८ ही दोन यानं आत माणूस नसताना आपोआप जोडून दाखवली. अपोलो आणि सोयुझ यानांसाठी दोघांनी निवडलेली पद्धतही तत्त्वतः एकच होती. एका यानाच्या नाकावर पुढे आलेला दांडा, दुसऱ्यावर नरसाळ्यासारखी खोलगट वाटी. दांडा वाटीत घुसतो, घसरत तळाशी जातो, तिथे अडकतो आणि मग यंत्र दोन्ही यानं एकमेकांकडे ओढून घेतं.

यात दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे दांडा आणि वाटी नेमकी मधोमध बसतात, म्हणजे माणसांना ये-जा करायच्या वाटेतच. जोडणी झाली की आतून ते सगळं यंत्र वाटेतून बाजूला करावं लागे. दुसरी उणीव जास्त गंभीर. कोणाकडे दांडा आणि कोणाकडे वाटी, हे जमिनीवरच ठरवावं लागतं. दोन दांडेवाली यानं समोरासमोर आली तर काही होत नाही. मदतीची हाक अचानक येते, आधी ठरवून येत नाही. शिवाय मानाचा प्रश्न होताच. सगळं जग टीव्हीवर पाहत असताना आपलं यान स्वस्थ उभं राहणार आणि समोरचं येऊन त्यात शिरणार, ही भूमिका वॉशिंग्टनला नको होती आणि मॉस्कोलाही नको होती.

ऑक्टोबर १९७० मध्ये ह्यूस्टनच्या मानवी यान केंद्राचे प्रमुख रॉबर्ट गिलरुथ यांच्यासोबत अमेरिकी अभियंत्यांचा एक छोटा गट मॉस्कोला गेला. समोरच्या बाजूला व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह नावाचे एक तरुण अभियंते होते. सोयुझची दांडा-वाटीची यंत्रणा ज्यांच्या हाताखालून गेली होती, त्यांतले ते एक. अमेरिकी गटात यानरचनेत मुरलेले कॉल्डवेल जॉन्सन होते. दोघंही एकाच निष्कर्षाच्या दिशेनं चालले होते. दोन्ही बाजूंचं यंत्र हुबेहूब एकसारखं हवं, कोणीही पुढाकार घ्यावा आणि कोणीही स्वस्थ राहावं अशी सोय हवी, आणि सगळी यंत्रणा मध्यभागी न ठेवता काठावर हवी, म्हणजे मधली वाट मोकळी राहील. २४ मे १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि पंतप्रधान कोसिगिन यांनी मॉस्कोत अंतराळ सहकार्याच्या करारावर सह्या केल्या, तोवर या यंत्राची मूळ मांडणी तयारही झाली होती.

ती मांडणी अशी. प्रत्येक यानाच्या तोंडावर एक कडी आणि कडीवर तीन पाकळ्या. पुढाकार घेणारं यान आपली कडी पुढे काढतं, दुसरं आपली आत घेऊन बसतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत, तशा एकीच्या पाकळ्या दुसरीच्या पाकळ्यांमधल्या फटींत शिरतात. यान थोडं तिरकं आलं असेल, थोडं बाजूला सरकलं असेल, किंचित फिरलेलं असेल, तरी पाकळ्यांचा उतारच त्याला सरळ करत नेतो. कड्या भिडल्या की छोट्या खिट्या अडकतात. ही पहिली, सैल पकड. टनावारी वजनाच्या दोन यानांचा हिसका आता कडीमागची यंत्रणा पचवते. मग कडी मागे ओढली जाते, यानांची तोंडं एकमेकांवर टेकतात, आकडे घट्ट आवळले जातात आणि रबरी गास्केटं दाबली जाऊन सांधा हवाबंद होतो. कुठला देश कुठल्या बाजूला आहे, याच्याशी या साऱ्या क्रियेला काही देणंघेणं नाही.

यात सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला वेगळाच वाटतो. दोन्ही देशांनी मिळून एक यंत्र बनवलं नाही. त्यांनी फक्त एकमेकांना स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागांची मापं ठरवली: कडीचा व्यास, पाकळ्यांचा कोन, खिट्यांच्या जागा, आकड्यांचा ताण. कडीच्या मागे काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. अमेरिकेनं हिसका पचवायला द्रवाच्या दाबावर चालणारे दट्टे बसवले. सोव्हिएत अभियंत्यांनी विजेच्या मोटारी, दातेरी चाकं आणि ब्रेक वापरले. आतून दोन्ही यंत्रं संपूर्ण वेगळी, बाहेरून जुळी. आपली गुपितं आपल्याजवळ ठेवूनही एकत्र काम करायची ही वाट होती.

कडी जुळली तरी हवा जुळत नव्हती. अपोलोच्या केबिनमध्ये जवळजवळ शुद्ध प्राणवायू असे, तोही वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश दाबाला. सोयुझमध्ये मात्र आपण श्वास घेतो तशीच नायट्रोजन-प्राणवायूची हवा, जमिनीवरच्याच दाबाची. सोयुझमधला माणूस थेट अपोलोत गेला असता, तर खोल पाण्यातून झपाट्यानं वर आलेल्या पाणबुड्याला होतं तेच त्याला झालं असतं. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन ते जिवावर बेतलं असतं. म्हणून मध्ये एक स्वतंत्र खोली घालावी लागली. सुमारे ३ मीटर लांबीचं हे दंडगोलाकार दालन अपोलोनं सोबत नेलं. एका टोकाला अपोलोचा जुना सांधा, दुसऱ्या टोकाला नवी कडी. सोव्हिएत बाजूनं सोयुझमधला दाब दोन तृतीयांशांवर उतरवायचं मान्य केलं, त्यामुळे दालनात ताटकळायचा वेळ बराच कमी झाला.

आणि विश्वास? तो कागदावर येत नव्हता. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ परतत असताना एक झडप अवेळी उघडली, हवा निघून गेली आणि तिन्ही अंतराळवीर मरण पावले होते. अमेरिकेला त्याचा तपशील हवा होता, कारण आता आपली माणसं त्याच जातीच्या यानात पाऊल ठेवणार होती. अंतराळ कार्यक्रमाबाबत ताकास तूर न लागू देणाऱ्या व्यवस्थेकडून ही माहिती काढणं सोपं नव्हतं. दोन्हीकडचे तांत्रिक संचालक, ग्लिन लनी आणि कॉन्स्तान्तिन बुशुयेव्ह, वर्षानुवर्षं याच कामात गुंतले होते. त्यातच ५ एप्रिल १९७५ रोजी, संयुक्त उड्डाणाला जेमतेम तीन महिने उरले असताना, सोयुझच्या एका रॉकेटचे टप्पे नीट सुटले नाहीत. लाझारेव्ह आणि मकारोव्ह हे दोन अंतराळवीर प्रचंड दाब सोसत अल्ताईच्या डोंगरात उतरले आणि सुदैवानं वाचले. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट अमेरिकेला कळवली. पाच वर्षांपूर्वी त्यांनी असं काही केलं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

१५ जुलै १९७५ रोजी बैकानूरहून सोयुझ-१९ उडालं. सोव्हिएत जनतेनं यानाचं उड्डाण टीव्हीवर थेट पाहिलं ते प्रथमच. साडेसात तासांनी फ्लोरिडाहून अपोलो निघालं. १७ जुलैला दोन्ही यानं जोडली गेली. दार उघडल्यावर अपोलोतले थॉमस स्टॅफर्ड आणि सोयुझमधले अलेक्सी लिओनोव्ह यांनी हात मिळवले, ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. बोलायचं कसं, याचं उत्तर सरावातच सापडलं होतं. प्रत्येकानं समोरच्याची भाषा बोलायची, अमेरिकनांनी रशियन आणि रशियनांनी इंग्रजी. परक्या भाषेत माणूस सावकाश आणि सोपं बोलतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला चटकन कळतं. १९ जुलैला यानं सुटी करून पुन्हा जोडली, या वेळी पुढाकार सोयुझच्या कडीचा. त्या दुसऱ्या खेपेला यानं जरा जास्तच हिंदकळली, पण कडीनं तो हिसका पचवला. बरोबरी कागदावरची नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

या उड्डाणाशी भारताचा एक धागा जुळलेला आहे. अपोलोचे संदेश पृथ्वीवर पोहोचवायला अमेरिकेनं एटीएस-६ हा उपग्रह वापरला होता. तो पूर्व आफ्रिकेच्या वर आणून ठेवला होता तो मुळात आपल्यासाठी. अपोलो-सोयुझचं काम आटोपलं आणि १ ऑगस्ट १९७५ पासून हाच उपग्रह ‘साइट’ या प्रयोगासाठी भारताकडे आला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत त्यानं वर्षभर शेतीचे, आरोग्याचे आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले. त्याच वर्षी १९ एप्रिलला आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट उडाला होता, तो सोव्हिएत रॉकेटवरून. दोन महासत्तांच्या स्पर्धेत दोघांकडून शिकून घेण्याचं विक्रम साराभाईंच्या पिढीचं धोरण किती दूरदृष्टीचं होतं, हे त्या एका वर्षात दिसतं.

त्यानंतर मात्र सगळं थंडावलं. अमेरिकी शटल सोव्हिएत सॅल्यूत स्थानकाला जोडायचं, असं बोलणं झालं होतं. संबंध बिघडत गेले, डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि विषयच संपला. सिरोम्यात्निकोव्ह यांनी कडी सोडली नाही. सोव्हिएत संघ आपलं शटल, बुरान, बनवत होता आणि त्यासाठी त्यांनी सुधारित कडी घडवली. पाकळ्या आता बाहेरच्या बाजूला नव्हत्या, आत वळल्या होत्या. मीर स्थानकाच्या क्रिस्ताल या भागावर, बुराननं येऊन जोडलं जावं म्हणून ती बसवली. बुरान नोव्हेंबर १९८८ मध्ये एकदाच, तेही माणसांविना, उडालं. तीन वर्षांनी सोव्हिएत संघच उरला नाही. आणि २९ जून १९९५ रोजी क्रिस्तालच्या त्याच दाराशी येऊन जोडलं गेलं ते अमेरिकेचं अटलांटिस शटल. अटलांटिसवरची कडी रशियाकडूनच विकत घेतलेली होती. पुढच्या तीन वर्षांत अमेरिकी शटल मीरला एकूण नऊ वेळा जोडलं गेलं.

या समेटाचं कौतुक करताना त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवं. १९९१ मध्ये इस्रोनं सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी क्रायोजेनिक इंजिनांचा करार केला होता, इंजिनं आणि तंत्रज्ञान दोन्हींचा. द्रव हायड्रोजन आणि द्रव प्राणवायूवर चालणाऱ्या या इंजिनाशिवाय जड उपग्रह उंच कक्षेत नेणं आपल्याला शक्य नव्हतं. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसाराचं कारण पुढे करून अमेरिकेनं मे १९९२ मध्ये इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवर निर्बंध लादले. द्रव हायड्रोजन अतिशीत ठेवावा लागतो, ऐन वेळी भरावा लागतो. असं इंधन क्षेपणास्त्राला सोयीचं नाही, हे तेव्हाही तज्ज्ञांना ठाऊक होतं. रशियाला अमेरिकेच्या अंतराळ स्थानकात भागीदार व्हायचं होतं, मीरवरच्या सहकार्याचे पैसे हवे होते. १९९३ च्या उन्हाळ्यात रशियानं तंत्रज्ञान देण्याचं कलम मागे घेतलं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिका-रशिया स्थानकाची घोषणा झाली. दोघांच्या समेटात तिसऱ्याचा बळी गेला. आपल्याला तयार इंजिनं मिळाली, ज्ञान मिळालं नाही. भारतीय क्रायोजेनिक टप्प्याचं पहिलं यशस्वी उड्डाण व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडावं लागलं. आंतरराष्ट्रीय सहकार्य हा शब्द ऐकला की मला हा हिशेब आठवतोच आणि तो आठवत राहायला हवा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा झार्या हा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी उडाला. बांधला रशियानं, पैसे अमेरिकेचे. डिसेंबरमध्ये त्याला अमेरिकेचा युनिटी जोडला गेला. या दोन भागांमधला सांधा म्हणजे सिरोम्यात्निकोव्ह यांच्या कडीचीच पुढची आवृत्ती. आजही स्थानकाचा अमेरिकी अर्धा आणि रशियन अर्धा तिथेच जोडलेला आहे. २ नोव्हेंबर २००० पासून तिथे माणूस नाही असा एकही दिवस गेलेला नाही.

मैत्रीपेक्षा दोघांच्या नाड्या एकमेकांच्या हातात असण्यानं हे टिकलं, असं माझं मत आहे. स्थानक हळूहळू खाली घसरत असतं. त्याला पुन्हा वर ढकलण्याचं काम बराच काळ मुख्यतः रशियन इंजिनांनी केलं. विजेचा मोठा वाटा अमेरिकी सौरपंखांचा. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, तीही रशियामुळेच. बैकानूरहून याहून कमी कोनात उडवलं, तर जळून गेलेले टप्पे चीनच्या हद्दीत पडण्याचा धोका असतो. त्यासाठी शटलला दर खेपेला काही टन कमी वजन न्यावं लागलं आणि अमेरिकेनं ते सोसलं. २०११ मध्ये शटल निवृत्त झालं, तेव्हापासून २०२० पर्यंत अमेरिकी माणसांना वर न्यायला सोयुझखेरीज दुसरं वाहन नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, निर्बंध लागले, बाकी सारे दोर तुटले. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे फ्रँक रुबिओ सोयुझनं वर गेले आणि ऑक्टोबरमध्ये रशियाच्या ॲना किकिना अमेरिकी ड्रॅगन यानातून. कोणतंही एक यान बिघडलं, तरी दोन्हीकडची माणसं वर असायलाच हवीत, एवढाच त्यामागचा हिशेब.

चीनला या सांध्याबाहेर ठेवण्यात आलं. २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं वुल्फ दुरुस्ती मंजूर केली आणि नासाला चीनशी थेट सहकार्य करायला जवळजवळ मनाई झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेंझोऊ-८ हे यान तियानगाँग-१ ला जोडलं गेलं. त्यावरची कडी काठाची, आत वळलेल्या पाकळ्यांची, रशियन कडीशी उघड साम्य असलेली. आज चीनचं स्वतःचं स्थानक कक्षेत आहे. बाहेर ठेवल्यानं चीन थांबला नाही. फक्त पृथ्वीभोवती दोन स्थानकं अशी फिरू लागली, की एकावर आग लागली तर दुसऱ्यावरून कोणी जाऊ शकणार नाही. नुसत्या कडीच्या मापाचा हा प्रश्न नाही. चिनी स्थानकाची कक्षा सुमारे ४१.५ अंशांची आहे. एका कक्षेतून दुसरीत जायला किमान सेकंदाला १.३ किलोमीटर इतका वेगबदल करावा लागेल. तेवढं इंधन कोणत्याही प्रवासी यानाजवळ नसतं.

कडीचं माप खुलं केल्यानं काय साधतं, हे अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांच्या बाबतीत दिसलं. २०१० मध्ये अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडाच्या अंतराळ संस्थांनी जोडणीचं एक आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध केलं, कोणीही उघडून वाचावं असं. आतली वाट ८०० मिलिमीटरची, आकड्यांच्या १२ जोड्या. बोइंगचं स्टारलायनर आणि स्पेसएक्सचं ड्रॅगन, दोन स्पर्धक कंपन्यांची यानं, याच मानकाच्या दाराला जोडली जातात. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर यांना स्थानकावर नेणारं स्टारलायनर बिघडलं, सप्टेंबरमध्ये ते रिकामं परत आलं आणि ते दोघं मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून उतरले. हँडलर यांनी सांगितलेल्या सिनेमातल्या संकटाला ५५ वर्षांनी मिळालेलं हे साधं उत्तर होतं.

आता आपली पाळी. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० नं प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन स्पेडेक्स उपग्रह कक्षेत सोडले. जोडणी ७ जानेवारीला ठरली होती, ती ९ वर गेली, मग पुन्हा लांबली, कारण दोघांमधलं अंतर अपेक्षेपेक्षा जास्त सरकत होतं. १२ तारखेला ते ३ मीटरपर्यंत जवळ आणून सुरक्षित मागे घेतले. घाई न करण्याचा तो निर्णय मला जोडणीइतकाच अभिमानाचा वाटतो. १६ जानेवारी २०२५ रोजी, सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर इतक्या वेगानं, ते एकमेकांना भिडले. अशी जोडणी करणारा भारत चौथा देश. आपली कडी ४५० मिलिमीटरची, दोन्ही बाजूंना एकसारखी, काठावरची, आंतरराष्ट्रीय मानकाच्याच तत्त्वावर पण पुष्कळ साधी. मानकातल्या यंत्रणेला २४ मोटारी लागतात, आपल्या अभियंत्यांनी ती दोन मोटारींवर भागवली.

ही कडी माणसांसाठी नाही, तो पुढचा टप्पा आहे. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं उद्दिष्ट जाहीर झालेलं आहे. त्याच्या दाराचं माप प्रत्यक्ष उड्डाणाच्या कितीतरी आधी आराखड्यात पक्कं करावं लागेल, कारण एकदा दार बसवलं की ते वर जाऊन बदलणं महाग आणि जोखमीचं. माझ्या मते ते ८०० मिलिमीटरच्या खुल्या मानकाचंच असावं. मग आपल्या स्थानकावर कोणी आजारी पडलं, तर त्या मानकाची कडी असलेलं परदेशी यानही दाराशी लागू शकेल, आणि आपलं यान दुसऱ्यांच्या मदतीला जाऊ शकेल. कक्षा ठरवतानाही हाच विचार हवा. आणि कडीमागच्या मोटारी, आकडे, गास्केटं, पकडीचे सेन्सर हे सगळं मात्र आपल्याच कारखान्यांत बनलेलं हवं. १९९३ साली दुसऱ्यांच्या वाटाघाटीत आपलं कलम खोडलं गेलं होतं, तसं पुन्हा कोणाला खोडता येऊ नये.